नॉर्थ डकोटाची हॉकी आणि गावाच्या अपेक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्सला, नॉर्थ डकोटा विद्यापीठात शिकायला आलेली मराठी मुलं-मुली पहिल्या महिन्यात आमच्याकडे वरण-भात खायला येतात. ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांच्या बोलण्यात एकच विषय निघतो: ताई, या गावाला हॉकीचं एवढं काय आहे? दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. मी इथं पीएचडीला आले आणि इथलीच झाले. त्यामुळे हे तटस्थ माणसाचं लिखाण नाही, हे आधीच सांगते.

ही आपलीच हॉकी का?

नाही. धनराज पिल्ले खेळायचे ती मैदानी हॉकी. ही बर्फावरची आहे. एका वेळी गोलरक्षक धरून सहा जण खेळतात, २० मिनिटांचे तीन डाव होतात, आणि चेंडूऐवजी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. हंगाम ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. बहुतेक वेळा एकाच संघाशी शुक्रवारी आणि शनिवारी असे लागोपाठ दोन सामने होतात. बाकीचं दोन सामने पाहिलेत की आपोआप कळतं.

२०२५ मध्ये विद्यापीठाच्या पुरुष संघानं २१ सामने जिंकले होते. तरी गावात सुतक का होतं?

कारण हरलेले सामने १५ होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली नव्हती. इथं हंगामाचा हिशेब विजयांच्या आकड्यावर होत नाही. मार्चच्या शेवटी देशभरातल्या विद्यापीठांचे १६ संघ निवडले जातात, त्यात आपण आहोत की नाही, हा पहिला प्रश्न. त्या वर्षी नव्हतो. काही दिवसांतच मुख्य प्रशिक्षक ब्रॅड बेरी यांना दूर करण्यात आलं. याच बेरींनी २०१६ मध्ये, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात, राष्ट्रीय विजेतेपद आणून दिलं होतं.

बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटतं. मलाही त्या संध्याकाळी वाईट वाटलं. पण २०१६ नंतरची नऊ वर्षं एका ओळीत मांडून बघा. चार वेळा स्पर्धेत जागाच मिळाली नाही. २०२० मध्ये संघ ऐन भरात होता, क्रमवारीत पहिला होता, आणि करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. उरलेल्या चार वर्षांत मिळून राष्ट्रीय स्पर्धेतला एकच सामना जिंकला, २०२१ मधला. दुसरीकडे याच काळात बेरींच्या संघानं आपल्या गटाचा पेनरोज चषक पुन्हा पुन्हा आणला, शेवटचा २०२४ मध्ये. म्हणजे हिवाळाभर वाघ आणि मार्च आला की घरी. लोकांची तक्रार ती होती.

मग या लोकांची अपेक्षा तरी नेमकी काय असते? दरवर्षी विजेतेपद?

तोंडानं तसं म्हणणारे भेटतील. छताला आठ विजेतेपदांचे झेंडे टांगलेले आहेत: १९५९, १९६३, १९८०, १९८२, १९८७, १९९७, २०००, २०१६. त्यांच्याखाली बसून दुसरं काही मागणं जड जातं. पण मी ज्यांच्या शेजारी इतकी वर्षं बसले त्या लोकांची खरी अपेक्षा वेगळी आहे. ती अशी: दर मार्चमध्ये आपलं नाव त्या १६ जणांत असावं, आणि एप्रिलमध्ये शेवटच्या चार संघांत जाण्याची खरीखुरी आशा असावी. २००३ ते २०१७ अशी सलग १५ वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत होता. त्या १५ वर्षांत इथं जे मूल लहानाचं मोठं झालं, त्याला मार्चमध्ये हॉकी नसणं म्हणजे काय हे माहीतच नव्हतं. अपेक्षा तिथं तयार झाली.

माझं मत विचाराल तर ही अपेक्षा रास्त आहे. विजेतेपदाची मागणी रास्त नाही. का ते पुढं सांगते.

एवढंसं गाव, आणि हे वेड कुठून आलं?

गावाची वस्ती २०२० च्या जनगणनेत ५९ हजारांच्या आसपास होती. अख्ख्या राज्यात वरच्या दर्जाचा एकही व्यावसायिक संघ नाही. थंडी उणे ३० अंशांपर्यंत जाते. जानेवारीत गाडीपासून स्टेडियमच्या दारापर्यंत चालत गेलात तरी पापण्यांच्या केसांवर बर्फ धरतं. अशा हिवाळ्यात शुक्रवारी रात्री माणसं जिथं जमतात, भांडतात, मुलांची लग्नं ठरल्याचं सांगतात, ती जागा म्हणजे हॉकीचं स्टेडियम.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा बसतात. रेड नदीच्या खोऱ्यातले बीटाचे शेतकरी. इथं साखर उसाची नाही, बीटाची होते. कारखानाही शेतकऱ्यांच्याच मालकीचा, सहकारी, १९७३ पासूनचा. मी कोल्हापूरची. हे ऐकलं तेव्हा परक्या देशात गाववाला भेटल्यासारखं झालं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बीटाची काढणी रात्रंदिवस चालते, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत आजोबांची खुर्ची रिकामी असते. मग एका शुक्रवारी येतात, नखांत काळी माती तशीच असते, आणि बसता बसता विचारतात, "दुसरी फळी कशी खेळतेय?" फळी म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारे तीन आक्रमक खेळाडू. पहिल्या फळीबद्दल विचारत नाहीत. पहिली फळी चांगली असणारच, हे त्यांनी धरलेलं असतं. इथली अपेक्षा म्हणजे काय, हे मला त्या एका प्रश्नातून जेवढं कळलं तेवढं कशातूनच कळलं नाही.

आणि १९९७. मार्चच्या अखेरीस संघानं बोस्टन युनिव्हर्सिटीला ६-४ हरवून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. तीन आठवड्यांनी रेड नदीला महापूर आला, बांध फुटले, जवळजवळ सगळं गाव खाली करावं लागलं. पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या बाजारपेठेला आग लागली आणि इमारती जळाल्या. त्या वर्षाबद्दल बोलताना इथले लोक कप आणि पूर ही दोन्ही एकाच श्वासात सांगतात. कोल्हापूरकरांना महापूर म्हणजे काय हे सांगायला नको. घरात पाणी भरलेल्या माणसाला त्याच महिन्यातली एक चांगली गोष्ट आयुष्यभर धरून ठेवाविशी वाटते.

ते प्रचंड स्टेडियम कुणी बांधलं?

राल्फ एंगलस्टॅड यांनी. ते या विद्यापीठाचे माजी गोलरक्षक, पुढं लास वेगासमध्ये कॅसिनोचे मालक झाले. त्यांच्या १० कोटी डॉलरच्या देणगीतून हे २००१ मध्ये उभं राहिलं. बैठकी साडेअकरा हजारांहून जास्त, खुर्च्यांना चामड्याचं आवरण, फरशी ग्रॅनाइटची. भले भले व्यावसायिक संघ हेवा करतील असं आहे. प्रेक्षकसंख्येत हा संघ देशात सगळ्यात वरच्या संघांत असतो. घरच्या गर्दीबरोबर घरचा बोजाही आला. एवढं सगळं असताना हरता कसे, हा प्रश्न त्या ग्रॅनाइटमध्येच कोरल्यासारखा आहे.

डेव्ह हॅकस्टॉल यांचं नाव निघालं की जुनी माणसं गप्प का होतात?

हॅकस्टॉल २००४ ते २०१५ अशी ११ वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. अकराही वर्षं संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि सात वेळा शेवटच्या चार संघांत पोचला. विजेतेपद एकदाही मिळालं नाही. २००५ मध्ये अंतिम सामन्यात डेन्व्हरकडून हार. २००६, २००७, २००८ अशी सलग तीन वर्षं उपांत्य सामना, समोर बोस्टन कॉलेज, आणि तिन्ही वेळा हार. २०११ मध्ये संघ इतका जबरदस्त होता की लोकांनी आधीच सुट्ट्या टाकल्या होत्या. मिशिगननं २-० नं हरवलं.

आणि २०१४. फिलाडेल्फियात उपांत्य सामना, समोर मिनेसोटा, बरोबरी १-१. मिनेसोटाचा एक खेळाडू दंड भोगत बाहेर बसलेला, म्हणजे आपल्याकडे एक माणूस जास्त. घड्याळात ०.६ सेकंद शिल्लक असताना त्यांच्या जस्टिन हॉल या बचावपटूनं गोल केला. त्याचा त्या अख्ख्या हंगामातला पहिलाच गोल. आम्ही आठ-दहा जण एका मैत्रिणीच्या दिवाणखान्यात बसलो होतो. कुणीही काही बोललं नाही. कुणीतरी उठून टीव्ही बंद केला आणि आम्ही आपापले कोट शोधायला लागलो.

आता सांगा, हे अपयश का? सात वेळा शेवटच्या चारात जाणं ही असामान्य कामगिरी आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्या वेळी "मोठा सामना यांना जिंकता येत नाही" म्हणणाऱ्यांत मीही होते, याचं आता वाईट वाटतं. हॅकस्टॉल २०१५ मध्ये फिलाडेल्फिया फ्लायर्स या व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक म्हणून गेले. पुढच्याच वर्षी, त्यांनीच गोळा केलेल्या पोरांनी, बेरींच्या हाताखाली कप आणला: उपांत्य सामन्यात डेन्व्हरला शेवटच्या मिनिटात हरवून आणि टॅम्पातल्या अंतिम सामन्यात क्विनिपिअॅकला ५-१ असं लोळवून. ब्रॉक बेसर, निक श्माल्ट्झ आणि ड्रेक कॅजूला या तिघांची ती फळी मी पाहिलेली सगळ्यात देखणी फळी होती.

चांगला संघ असेल तर जिंकायला काय हरकत आहे? नशिबाचा एवढा बाऊ कशाला?

स्पर्धेची रचना बघा. १६ संघ, चार ठिकाणी चार-चार, आणि हरलात की बाहेर. व्यावसायिक हॉकीत एका प्रतिस्पर्ध्याशी सात सामने असतात, त्यात चांगला संघ बहुधा वर येतो. इथं एकच रात्र. समोरच्या गोलरक्षकाला त्या रात्री सगळं दिसायला लागलं, की २० वर्षांची तयारी वाया. कप हवा तर अशा चार रात्री ओळीनं जिंकायच्या.

२७ मार्च २०२१ चं उदाहरण घ्या. फार्गोमध्ये मिनेसोटा डुलुथशी सामना, जिंकणारा शेवटच्या चारात. आपण ०-२ मागं होतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत दोन गोल करून बरोबरी साधली. मग जादा वेळ. एक, दोन, तीन, चार. पाचव्या जादा डावात डुलुथनं गोल केला. एकूण १४२ मिनिटं १३ सेकंदांचा खेळ, राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासातला सगळ्यात लांब सामना. मध्यरात्र उलटून गेली होती. त्या रात्री कोणता संघ चांगला होता, हे कुणीही सांगू शकत नाही. तरी नोंदीत आपल्यापुढं हार लागली, आणि पुढं प्रशिक्षकाचा हिशेब मांडताना तीही धरली गेली.

म्हणून म्हणते, स्पर्धेत पोचणं मागा, कप मागू नका. पोचत राहिलात तर एखाद्या वर्षी चारही रात्री आपल्या निघतात.

इतर मोठ्या संघांचं काय? सगळे असेच हळहळतात का?

हो. मिनेसोटाकडे राज्यभरातली तयार मुलं आहेत, त्यांचा शेवटचा कप २००३ चा. २०२३ मध्ये ते अंतिम सामन्यात जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला हरले. मिशिगनची नऊ विजेतेपदं, पण शेवटचं १९९८ चं. सुखी एकटं डेन्व्हर: २०१७, २०२२ आणि २०२४ धरून २०२५ पर्यंत दहा.

आपल्याला खरं खुपतं ते वेगळंच. २०१६ ते २०२५ या काळात नऊ विजेते झाले, आणि त्यातले सात आपल्याच गटाचे. आपण एकदा, डेन्व्हर तीनदा, डुलुथ दोनदा, आणि २०२५ मध्ये वेस्टर्न मिशिगननं त्यांचा पहिलावहिला कप नेला. शेजाऱ्याच्या घरात दिवाळी आणि आपल्याकडे अंधार, अशी ती जळजळ आहे.

मिनेसोटाशीच एवढं वैर का?

मोठं राज्य, मोठं शहर, मोठं विद्यापीठ, आणि ते आपल्याला खेडवळ समजतात असा इथल्या प्रत्येकाचा समज. २०१३ पर्यंत दोन्ही संघ एकाच गटात होते, दरवर्षी भिडायचे. मग मिनेसोटा बिग टेन गटात गेलं आणि आपण नव्या गटात. आता मुद्दाम सामने ठरवून खेळावं लागतं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉलचा सामना ज्यांनी पाहिलाय, त्यांना पुढं काही समजवायला नको. त्या दोन दिवसांत मरून रंगाचा स्वेटर घालून फिरू नका.

खेळाडूंवर दडपण येत नाही का? वयानं पोरंच आहेत ना?

१८ ते २४ वर्षांची. येतं, पण त्यातले बरेच जण त्या गर्दीसाठीच हे विद्यापीठ निवडतात. जोनाथन टेव्ज इथं दोन वर्षं खेळला आणि मग शिकागोकडून व्यावसायिक हॉकीतले तीन स्टॅन्ली कप जिंकला. झॅक पॅरीसे, टी. जे. ओशी, त्याआधी गोलरक्षक एड बेलफोर, सगळे इथूनच गेले. त्यामुळे दर दोन वर्षांनी घर पुन्हा उभारावं लागतं. श्माल्ट्झ कप जिंकला आणि लगेच व्यावसायिक खेळायला गेला. हे विसरून लोक पुढच्या वर्षी तोच संघ असल्यासारखं मागतात, ते चूक आहे.

एक गोष्ट मात्र मला अजिबात चालत नाही. सामना हरल्यावर २० वर्षांच्या मुलाला त्याच्या फोनवर शिव्या पाठवणं. प्रशिक्षकाला पगार मिळतो, त्याच्या निर्णयावर बोला. पोरांना सोडा.

आता खेळाडूंना पैसे मिळतात म्हणे. त्यानं अपेक्षा बदलल्या का?

बदलायला हव्यात. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमावता येतं. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणं सोपं झालंय. २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि कॅनडाच्या ज्या मोठ्या कुमार लीगमधल्या मुलांना पूर्वी इथं बंदी होती त्यांनाही दार उघडलंय. अमेरिकन फुटबॉलच्या उत्पन्नावर चालणाऱ्या प्रचंड विद्यापीठांशी पैशाच्या जोरावर टक्कर देणं ५९ हजारांच्या गावाला कठीण जाणार. आपल्या बाजूनं एक गोष्ट आहे: इथं हॉकी हाच पहिला खेळ आहे. मिशिगनमध्ये हॉकीपटू फुटबॉलपटूच्या मागं उभा असतो, इथं वाण्याच्या दुकानातही त्याला नावानं हाक मारतात.

बेरींनंतर डेन जॅक्सन आले. ते याच संघाचे माजी खेळाडू आणि २००६ पासूनचे सहायक. हॅकस्टॉल आणि बेरी हेही इथलेच माजी खेळाडू. बाहेरचा माणूस आणावा असं काहींचं म्हणणं होतं. मला घरचा माणूस आवडला, कारण त्या आजोबांचा दुसऱ्या फळीचा प्रश्न त्याला आधीच ठाऊक असतो.

राष्ट्रगीताच्या शेवटी लोक "सू" असं का ओरडतात?

संघाचं जुनं नाव "फायटिंग सू" होतं, इथल्या मूलनिवासी लोकांच्या नावावरून. २००५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संघटनेनं अशा नावांवर निर्बंध आणले. मग खटला झाला, तडजोड झाली. स्पिरिट लेक जमातीनं नावाच्या बाजूनं कौल दिला, स्टँडिंग रॉक या दुसऱ्या जमातीच्या परिषदेचा विरोध कायम राहिला. जून २०१२ मध्ये राज्यभर मतदान होऊन नाव गेलं, आणि २०१५ मध्ये "फायटिंग हॉक्स" हे नवं नाव निवडलं गेलं. तरी राष्ट्रगीताचा शेवटचा शब्द बदलून जुनं नाव ओरडणारे हजारो आहेत.

माझ्या प्रयोगशाळेत एक मूलनिवासी मैत्रीण होती. ती हॉकीवर जीव टाकायची, पण राष्ट्रगीत संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात थांबायची आणि मग आत यायची. ते पाहिल्यापासून मी त्या क्षणी गप्प उभी राहते. तुम्हीही गप्प राहिलात तर कुणी काही म्हणत नाही.

महिलांचा संघ का नाही?

होता. या प्रश्नावर मला शांतपणे लिहिता येत नाही.

जोसलिन आणि मोनिक लामुरू या जुळ्या बहिणी याच गावच्या. दोघी या विद्यापीठाकडून खेळल्या. मी त्यांचे सामने पाहिलेत, याच बर्फावर, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असताना. मार्च २०१७ मध्ये राज्याच्या निधीकपातीचं कारण देऊन विद्यापीठानं महिला हॉकी बंद केली. वर्षभरानं, फेब्रुवारी २०१८ मध्ये, प्योंगचांगच्या ऑलिम्पिक अंतिम सामन्यात कॅनडाविरुद्ध मोनिकनं बरोबरीचा गोल केला आणि जोसलिननं पेनल्टीच्या फेरीत निर्णायक गोल करून अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलं. ज्या गावानं त्यांना घडवलं तिथं तेव्हा मुलींना खेळायला विद्यापीठाचा संघच उरला नव्हता.

पुरुषांच्या संघानं एक मार्च चुकवला की आठवडाभर रेडिओवर फोन करणारे आम्ही लोक, महिलांच्या सामन्यांना किती जण जात होतो? पैशाचं कारण विद्यापीठानं दिलं, पण रिकाम्या खुर्च्या आमच्या होत्या. अपेक्षा ठेवायची तर त्या संघाकडूनही ठेवायला हवी होती. तो संघ परत यावा असं मला आजही मनापासून वाटतं, आणि पहिल्या दिवशी तिकिटाच्या रांगेत मी उभी असेन.

पहिल्यांदा सामन्याला जायचंय. काय लक्षात ठेवू?

शुक्रवारचा सामना निवडा. हिरवं काहीतरी घाला. बाहेर उणे २५ असलं तरी आत बरं असतं, त्यामुळे जाड कोटाच्या आत सुती सदराच असू द्या. जानेवारीत गाडी नेणार असाल तर इंजिन तापवायची वायर आदल्या रात्री लावून ठेवा. खेळ चालू असताना खुर्चीवरून उठून ये-जा करू नका, शिट्टी वाजेपर्यंत जिन्यात थांबा. पक दिसत नाही अशी तक्रार सगळेच नवखे करतात. पकाकडे बघू नका, खेळाडूंचे खांदे बघा, पक कुठं जाणार ते आधी कळतं. हे मला आजोबांनी शिकवलं. यंदा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांची खुर्ची रिकामी असेल. कुणाला यायचं असेल तर मला कळवा, त्यांना विचारून ठेवते.